पीटमधला कार्बन मोजायचा तर सळईपासून सुरुवात करा

पीट म्हणजे पाणथळ जागी अर्धवट कुजून साचलेल्या वनस्पतींचे थर. अशा पीटच्या जमिनीवर नव्याने काम करायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न मला आता पाठ झाला आहे: पीटमध्ये कार्बन किती टक्के असतो? मी उत्तर देऊन टाकते. वाळवलेल्या पीटच्या वजनाच्या साधारण निम्मा. स्फॅग्नम मॉसपासून (शेवाळासारखी बुटकी वनस्पती) बनलेल्या पीटच्या सेंद्रिय भागात ४६ टक्क्यांच्या आसपास, इतर वनस्पतींपासून बनलेल्या पीटमध्ये ५०च्या आसपास, उष्ण प्रदेशातल्या लाकडी पीटमध्ये त्याहून जास्त. झालं. पण एवढ्यावरून टनांचा आकडा निघत नाही. तो निघतो दोन गोष्टींवरून, आणि त्या विचारायला सहसा कोणी येत नाही. पीट किती खोल आहे? आणि त्याच्या एका घनसेंटिमीटरमध्ये कोरडा माल किती आहे? टक्केवारीत गफलत झाली तर उत्तर चार-पाच टक्क्यांनी हलतं. खोलीत किंवा घनतेत झाली तर तीस टक्के कुठे गेले ते कळतही नाही. म्हणून मी शिकवते तेव्हा प्रयोगशाळेतून नव्हे, खोली मोजायच्या सळईपासून सुरुवात करते.

आधी थोडक्यात, हा साठा तयार कसा होतो. पाणथळ जागी वनस्पती वाढतात, मरतात, पण पुरत्या कुजत नाहीत. पाण्याने भरलेल्या थरात प्राणवायू पोचत नाही, आणि कुजवण्याचं काम मंदावतं. नुसतं मंदावतं असंही नाही. वनस्पतींच्या अवशेषांत फिनॉलजातीची द्रव्यं असतात. ती फोडणाऱ्या फिनॉल ऑक्सिडेज या विकराला (एन्झाइमला) प्राणवायू लागतो. तो नाही, म्हणून फिनॉलं साचतात, आणि साचलेली फिनॉलं कुजवणाऱ्या इतर विकरांनाही अडवून धरतात. ख्रिस फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हे दाखवलं. पाणी उतरलं, हवा आत शिरली, की ही सगळी साखळी सुटते. ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, कारण शेवटी पाण्याच्या पातळीकडे यायचंच आहे.

वर्षाला साधारण एक मिलिमीटर या चालीने हजारो वर्षं थर चढत जातात. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम ३ ते ४ टक्के भाग पीटखाली आहे, पण त्यात ५०० ते ६०० अब्ज टन कार्बन असल्याचा अंदाज आहे. जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यात मिळूनही एवढा नाही.

खोली

एक मीटर लांबीच्या, एकमेकींत आटे बसवून जोडता येणाऱ्या पोलादी सळया घ्या. जाडी बोटाएवढी पुरते. टोक फार अणकुचीदार नको. जागेवर आधी जाळं आखा. मध्यम आकाराच्या जागेला १०० मीटरवर एक बिंदू ठीक. काठाकडे मात्र बिंदू दाट करा, कारण पीटचा तळ बशीसारखा गुळगुळीत असेल हे गृहीतच चुकीचं असतं. काठाला तो पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो, मध्ये जुन्या ओढ्याची घळ दडलेली असते, कुठे खडक वर आलेला असतो.

सळई हाताच्या जोरानेच आत घाला. हातोडा वापरू नका, नाहीतर तळ आला हे कळायचं नाही. पीटमधून सळई एकसारखी, मऊ अवरोध देत जाते. वाळू लागली की कर्र असा आवाज सळईतून थेट तळहातात येतो. चिकणमाती लागली तर आवाज नाही, पण वर काढताना सळई जड येते आणि टोकाला करडा लेप दिसतो. दगडावर ती टणकन थांबते. मी हे वहीत शब्दांत लिहून ठेवते: वाळू, माती, दगड, लाकूड. पेन्सिलीने, कारण शाई ओल्यात फुटते.

इथे दोन फसव्या जागा आहेत. गाडलेलं लाकूड लागलं की तळ आला असं वाटतं. अर्धा मीटर सरकून पुन्हा घाला. दुसरी जास्त वाईट: पुष्कळ पीटभूमी जुन्या तळ्यांवर वाढलेल्या असतात आणि पीटखाली त्या तळ्याचा मऊ गाळ असतो. सळई त्यातूनही सहज जाते, आणि पीट आहे त्यापेक्षा दीड-दोन मीटर जास्त खोल भरतं. म्हणून दर काही बिंदूंनंतर एकदा प्रत्यक्ष नमुना काढून बघायलाच हवा. नुसत्या सळईच्या आकड्यांवर मी सही करत नाही.

खोलीवर किती अवलंबून असतं याचं एक मोठं उदाहरण काँगोच्या खोऱ्यातलं आहे. २०१७ मध्ये ग्रेटा डार्गी, सायमन लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या क्युव्हेत सांत्राल या दलदलीच्या जंगलाखाली १,४५,५०० चौरस किलोमीटर पीट आणि त्यात ३०.६ अब्ज टन कार्बन असल्याचं मांडलं. २०२२ मध्ये आणखी मोजण्या झाल्या, क्षेत्र वाढून १,६७,६०० चौरस किलोमीटर झालं, आणि साठा निघाला २९ अब्ज टन. क्षेत्र वाढलं आणि साठा किंचित उतरला, कारण जास्त ठिकाणी सळई घातल्यावर सरासरी जाडी कमी निघाली. उपग्रहाच्या चित्रावरून क्षेत्र काढता येतं. जाडी काढायला चिखलातच उतरावं लागतं.

नमुना

खोल थरातला नमुना काढायला रशियन कोअरर म्हणून ओळखलं जाणारं अवजार वापरतात. अर्धगोल छेदाची, साधारण ५० सेंमी लांबीची पोलादी पन्हळ, आणि तिच्यावर झाकणासारखं बसणारं सपाट पातं. मिटलेल्या अवस्थेत हव्या त्या खोलीपर्यंत दाबायचं, मग दांडा अर्धा फेरा फिरवायचा. पातं जागेवर राहतं, पन्हळ फिरून पीट कापते आणि पात्याला लागून बंद होते. नमुना दबत नाही, हा याचा मोठा फायदा. साध्या नळीने काढलेला नमुना आतल्या आत दबतो आणि तुमची घनता तिथेच बिघडते.

एकाच भोकातून सलग खाली जाऊ नका. अवजाराचं टोक पन्हळीच्या खाली काही सेंमी पुढे जातं आणि पुढचा थर ढवळतं. अर्ध्या मीटरवर दुसरं भोक घ्या. पहिल्यातून ० ते ५०, दुसऱ्यातून ४० ते ९०, पुन्हा पहिल्यातून ८० ते १३०, असे थोडे एकमेकांवर चढवत जा. जुळवणी नंतर थरांच्या रंगावरून करता येते.

सगळ्यात वरच्या अर्ध्या मीटरला हे अवजार चालत नाही. तिथे जिवंत मॉस, मुळं, धागे असतात. पातं ते कापण्याऐवजी ढकलतं. तिथला चौकोनी ठोकळा दातेरी सुरीने कापून काढायचा. सुरी करवतीसारखी चालवा, दाबू नका. बहुतेकांची गणितं या वरच्या थरात बिघडतात, आणि मला वाटतं त्याचं कारण घाई एवढंच आहे: सगळ्यांना खालचा काळा, जुना थर बघायची ओढ असते.

पन्हळ उघडली की लगेच, मोजपट्टी शेजारी ठेवून, फोटो काढा. हवा लागताच पीट काळवंडतं. तांबूस-पिवळा थर काही मिनिटांत तपकिरी दिसायला लागतो आणि मग थरांच्या सीमा शोधणं अवघड जातं.

त्यानंतर मूठ. स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी शंभर वर्षांपूर्वी घालून दिलेली, पीट किती कुजलं आहे ते सांगणारी एच१ ते एच१० ही मोजपट्टी आजही वापरात आहे आणि तिला लागतो फक्त हात. ओल्या पीटचा गोळा मुठीत घेऊन पिळायचा. बोटांमधून स्वच्छ पाणी आलं आणि मुठीत वनस्पती ओळखू येण्याजोगी राहिली तर एच१. पाणी गढूळ तपकिरी, पण पीट मुठीतच राहिलं, तर एच४च्या आसपास. एक तृतीयांश पीट बोटांतून बाहेर आलं तर एच६, दोन तृतीयांश आलं तर एच८. सगळंच लोण्यासारखं निसटलं आणि मुठीत काही उरलं नाही तर एच१०. प्रत्येक १० सेंमीला एकदा पिळा आणि आकडा लिहा. याने कार्बन मोजला जात नाही, पण घनता नंतर विचित्र आली तर ती खरी की चुकीची हे याच आकड्यावरून ठरवता येतं. कुजलेलं पीट जास्त घन असतं, म्हणून एच८ आणि घनता ०.०४ ग्रॅम प्रति घनसेंमी हे दोन्ही एकत्र खरं असणं कठीण.

दोन माणसांशिवाय जाऊ नका, पायाखाली फळ्या टाका. हे सांगायला एक वाक्यच पुरे आहे, पण ते वगळून चालत नाही.

घनता

५ सेंमी व्यासाच्या अर्धगोल नमुन्याचा १० सेंमी लांबीचा तुकडा म्हणजे ९८ घनसेंमी. हे आकारमान मैदानात, ओलं असताना, कापतानाच ठरतं. प्रयोगशाळेत आल्यावर आकारमान मोजू म्हणणाऱ्याला मी परत पाठवते, कारण वाटेत पाणी गळतं आणि तुकडा बसतो. कापलेला तुकडा ताबडतोब पिशवीत, हवा काढून, वरची-खालची बाजू लिहून.

ओव्हनमध्ये १०५ अंश सेल्सियसला ठेवा. २४ तास हा अंदाज आहे, नियम नव्हे. लागोपाठची दोन वजनं सारखी आली की वाळलं. बाहेर काढल्यावर डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) गार करा, कारण कोरडं पीट हवेतला ओलावा शोषून तुमच्या डोळ्यांदेखत काट्यावर जड होत जातं.

समजा, ९८ घनसेंमीचा तुकडा वाळून ९.८ ग्रॅम भरला. घनता ०.१० ग्रॅम प्रति घनसेंमी. म्हणजे त्या ओल्या तुकड्यात बहुतेक पाणीच होतं. पीटमध्ये हा आकडा साधारण ०.०५ ते ०.२०च्या दरम्यान असतो: ताज्या मॉसचा कमी, कुजलेल्या किंवा निचरा होऊन बसलेल्या पीटचा जास्त. टोकाचे आकडे एकमेकांच्या चौपट आहेत हे बघा, आणि कार्बनची टक्केवारी त्या मानाने किती जागच्या जागी असते तेही. एकाच जागेत वरखाली घनता दुप्पट झालेली मी नेहमी बघते. म्हणून पूर्ण खोलीसाठी एकच सरासरी घनता कुठूनतरी उचलून वापरू नका. प्रत्येक तुकड्याचं गणित वेगळं करा आणि मग बेरीज करा.

राख

वाळलेल्या पीटची पूड करा, दोनेक ग्रॅम चिनी मातीच्या मुशीत घ्या, ५५० अंशांवर चार तास भट्टीत ठेवा. सेंद्रिय भाग जळून जातो, उरते ती राख. मूस अर्धीच भरा आणि तापमान हळूहळू चढवा. एकदम तापवलं तर पीट पेट घेतं आणि कण उडून शेजारच्या मुशीत पडतात. धूर भरपूर होतो, भट्टीवर हवा खेचणारी सोय असू द्या. राख पांढरी किंवा करडी हवी. तांबूस असेल तर लोह आहे, काळजी नाही. काळे ठिपके राहिले तर जळणं अपुरं आहे, पुन्हा ठेवा.

२.००० ग्रॅममधून ०.०८० ग्रॅम राख उरली तर सेंद्रिय भाग ९६ टक्के. त्याच्या निम्मा कार्बन धरला तर ४८ टक्के. मूलद्रव्य विश्लेषक यंत्र हाताशी असेल तर काही नमुने त्यावर चालवून हा निम्मेपणा तपासा. मात्र साध्या मातीसाठी पाठ्यपुस्तकांत दिलेला १.७२४ हा गुणक इथे लावू नका. सेंद्रिय पदार्थात ५८ टक्के कार्बन असतो असं तो धरतो, आणि बहुतेक पीटला ते लागू नाही. साठा उगाच फुगतो.

पीट कशाला म्हणायचं याची मर्यादा देशोदेशी वेगळी आहे. सेंद्रिय भाग किमान ३० टक्के आणि जाडी किमान ३० सेंमी ही पुष्कळ ठिकाणी वापरली जाते, पण ४० किंवा ५० सेंमी मागणारेही आहेत. कोणती धरली ते अहवालाच्या पहिल्या पानावर लिहा. न लिहिलेले दोन अहवाल एकमेकांशी ताडून बघण्यात मी बराच वेळ घालवला आहे, आणि तो वेळ परत मिळत नाही.

हिशेब

एका तुकड्यासाठी: घनता गुणिले जाडी सेंमीमध्ये, गुणिले कार्बनचा अंश, गुणिले १००. उत्तर येतं टन प्रति हेक्टर. आपल्या तुकड्याचं: ०.१० × १० × ०.४८ × १०० = ४८ टन. दहा सेंमीच्या एका थरात, एका हेक्टरवर.

सोपं म्हणून सगळे थर सारखे धरू. सरासरी खोली २.३ मीटर असेल तर हेक्टरी १,१०४ टन. जागा ४० हेक्टरची असेल तर ४४,१६० टन कार्बन. कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत सांगायचं तर ३.६७ने गुणा: सुमारे १ लाख ६२ हजार टन. ही शेवटची पायरी कार्बनची की कार्बन डायऑक्साइडची, हे प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर लिहा.

आता हेच आकडे हलवून बघा, कारण मला जे सांगायचं आहे ते इथे उघडं दिसतं. टक्केवारी ४८ऐवजी ५० धरली तर उत्तर ४ टक्क्यांनी वाढतं. खोली २.३ऐवजी १.८ निघाली तर २२ टक्क्यांनी उतरतं. घनता ०.१०ऐवजी ०.०७ निघाली तर ३० टक्क्यांनी. पैसे मर्यादित असतील तर आणखी महाग रासायनिक चाचण्यांऐवजी आणखी सळया घाला.

साठा किती वेगाने झाला हे हवं असेल तर तळाच्या थराचं वय रेडिओकार्बनने काढतात. त्यासाठी मॉसची पानं, बिया असे जमिनीवर वाढलेले अवशेष निवडा. मुळं टाळा, कारण मुळं वरून खाली उतरलेली असतात आणि वय कोवळं दाखवतात. आपल्या उदाहरणात तळ ५,००० वर्षं जुना निघाला तर वर्षाला दर चौरस मीटरला २२ ग्रॅम कार्बन. उत्तरेकडच्या पीटभूमींत दीर्घ काळाचा वेग २० ते ३० ग्रॅमच्या घरात असतो, तेव्हा हे उत्तर पटण्यासारखं आहे. वरच्या शंभर वर्षांच्या थराचा वेग मात्र याहून बराच जास्त दिसेल. जागा आता जास्त कार्बन शोषते आहे असा निष्कर्ष त्यावरून काढू नका. तो माल अजून कुजायचा आहे, एवढंच. ही चूक छापील अहवालांतही भेटते, आणि आकडा आकर्षक असल्यामुळे कोणी तिला हात लावत नाही.

पाण्याची पातळी

इतकं करून तुम्हाला कळलं की किती आहे. राहणार की जाणार, हे कळलं नाही. त्यासाठी बाजूने भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप पीटमध्ये उभा करा, त्याभोवती बारीक जाळीचं कापड गुंडाळा, आणि पाणी जमिनीपासून किती खाली आहे ते वर्षभर मोजा. एका उन्हाळ्याचं एक वाचन काही सांगत नाही.

निचरा केलेल्या पीटमधून काय जातं त्याचे सरासरी आकडे आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या २०१३च्या पाणथळ जमिनींवरच्या पुरवणीत मिळतात. समशीतोष्ण आणि थंड प्रदेशातल्या नांगरलेल्या पीटमधून वर्षाला हेक्टरी ७.९ टन कार्बन. उष्ण प्रदेशात तेलमाडाच्या लागवडीखाली ११ टन. ७.९ टन म्हणजे चौरस मीटरला ७९० ग्रॅम. आपल्या २२ ग्रॅमशेजारी तो ठेवा: निचऱ्याचं एक वर्ष, साठवणीची छत्तीस वर्षं. १९९७ मध्ये इंडोनेशियात निचरा झालेलं, सुकलेलं पीट पेटलं तेव्हा त्या एका वर्षात ०.८१ ते २.५७ अब्ज टन कार्बन हवेत गेल्याचा अंदाज आहे. आदल्याच वर्षी तिथल्या मध्य कालीमंतान प्रांतात भातशेतीसाठी दहा लाख हेक्टरांच्या योजनेचे कालवे खणायला सुरुवात झाली होती.

पाणी वर आणलं की हे थांबतं, पण मिथेन वाढतो, अशी हरकत हमखास येते. ती खरी आहे. मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापवतो. पण तो हवेत साधारण १२ वर्षंच टिकतो, आणि निचऱ्याने सुटलेला कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं साचत राहतो. शिवाय पातळी जमिनीच्या किंचित खाली राहिली तर वरच्या हवेशीर पट्ट्यातले जीवाणू बराच मिथेन वाटेतच वापरून टाकतात. ख्रिस इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये मांडलं की खोल निचरा झालेल्या शेतात पातळी दर १० सेंमी वर आणली की वर्षाला हेक्टरी किमान ३ टन कार्बन डायऑक्साइडएवढं उत्सर्जन वाचतं, पाणी जमिनीखाली ३० सेंमीपर्यंत वर येईतो. म्हणजे शेती पूर्ण बंद न करताही काही वाचवता येतं. मला ही बाब व्यवहाराच्या दृष्टीने फार मोलाची वाटते.

जमीन किती खचते ते कळावं म्हणून पाइपशेजारी आणखी एक गोष्ट रोवून ठेवा: पीटखालच्या घट्ट मातीत पक्की बसवलेली लोखंडी सळई, वरचं टोक जमिनीच्या पातळीत. इंग्लंडमध्ये होम फेन इथे व्हिट्लसी मिअर हे तळं उपसलं तेव्हा, १८५१ मध्ये, असाच लोखंडी खांब जमिनीसपाट पुरला होता. आज तो सुमारे ४ मीटर वर उभा आहे. तेवढं सगळं पीट हवेत गेलं असं मात्र धरू नका. पाणी काढल्यावर सुरुवातीची खचण बरीचशी पीट दबल्यामुळे होते, कार्बन तिथेच राहतो. पुढची वर्षानुवर्षांची संथ खचण मुख्यतः कुजण्याची. दोन्ही वेगळं करायचं तर काही वर्षांनी त्याच जागी पुन्हा घनता मोजावी लागते. आणि सळईचं वाचन दरवर्षी एकाच महिन्यात, पाण्याच्या पातळीसोबतच घ्या, कारण पीटचा पृष्ठभाग ओल्या दिवसांत फुगतो आणि कोरड्या दिवसांत बसतो, आणि हा चढउतार वर्षभराच्या खऱ्या खचणीपेक्षा मोठा असू शकतो.